बीसीएएची पावडर आणि अठ्ठाविसाव्या किलोमीटरचा थकवा

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र सविस्तर आहे आणि सल्ला मागणाऱ्या पत्रांत सहसा जे सापडत नाही ते त्यात आहे, म्हणजे कोणत्या धावेआधी काय खाल्ले आणि वाटेत काय प्यायले याची नोंद. वय ४१, वजन ५८ किलो, पहिल्या मॅरेथॉनची तयारी सुरू. लांब पल्ल्याची धाव पहाटे उपाशीपोटी आणि वाटेत केवळ पाणी. अठ्ठाविसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय शिशासारखे जड होतात, विनाकारण चिडचिड होते, किती अंतर उरले याची साधी वजाबाकीही सुचत नाही आणि थांबावेसे वाटू लागते. प्रशिक्षकांनी बीसीएए या अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या घटकांच्या, पावडरीचा डबा सुचवला आहे, त्यावर ‘व्यायामातील थकवा लांबवते’ असे छापलेले आहे, आणि ही पावडर धावताना पाण्यातून घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

उत्तर आधीच सांगितलेले बरे. ही पावडर तुमचा अठ्ठाविसाव्या किलोमीटरचा थकवा दूर करील असे मानायला पुरेसा आधार नाही. त्या थकव्याचे सर्वांत संभाव्य कारण तुमच्याच नोंदवहीत आहे, आणि ते अमिनो आम्लांच्या कमतरतेपेक्षा पुष्कळच साधे आहे. तरीही डब्यावरच्या दाव्यामागे एक खराखुरा आणि विचार करण्याजोगा सिद्धान्त आहे. तो समजून घेतला तर दावा कोठे टिकतो आणि कोठे घसरतो हे तुम्हालाच ठरवता येईल.

बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले. शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत आणि म्हणून आहारातूनच मिळवावी लागतात अशा नऊ अमिनो आम्लांपैकी ही तीन आहेत. इतर बहुतेक अमिनो आम्लांचे विघटन प्रामुख्याने यकृतात होते, तर या तिघांचे ते मोठ्या प्रमाणात स्नायूंतच सुरू होते, त्यामुळे दीर्घ व्यायामात स्नायू ती रक्तातून उचलून थोड्याफार प्रमाणात इंधन म्हणून वापरतात. ऑक्सफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ एरिक न्यूशोम यांनी १९८० च्या दशकात जो विचार मांडला त्याची सुरुवात येथून होते. मेंदूत सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन तयार होते ते ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून. रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी ट्रिप्टोफॅन आणि बीसीएए यांना एकाच वाहक प्रथिनाचा आधार घ्यावा लागतो. दरवाजा एकच आणि आत जाऊ पाहणारे अनेक, अशी ती स्थिती असते. विश्रांतीच्या वेळी रक्तातील बहुतांश ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. धाव लांबत जाते तसे शरीर चरबी मोकळी करू लागते, रक्तात मेदाम्ले वाढतात, तीही अल्ब्युमिनलाच चिकटतात आणि ट्रिप्टोफॅनला तेथून सुटे करतात. त्याच वेळी स्नायू बीसीएए उचलत असतात. परिणामी दरवाजापाशी ट्रिप्टोफॅनची गर्दी वाढते, त्याचे प्रतिस्पर्धी कमी होतात, मेंदूत सेरोटोनिन वाढते आणि सुस्ती, अनुत्साह व श्रमाची तीव्र जाणीव निर्माण होते, अशी ही मांडणी आहे. मग बाहेरून बीसीएए दिले तर प्रतिस्पर्धी वाढतील आणि थकवा पुढे ढकलला जाईल, हा निष्कर्ष ओघाने येतो.

या मांडणीचे सौंदर्य असे की तिच्यातील बहुतेक पायऱ्या मोजता येतात आणि मोजल्याही गेल्या आहेत. दीर्घ व्यायामात रक्तातील सुटे ट्रिप्टोफॅन खरोखरच वाढते, आणि बीसीएए घेतल्यावर ट्रिप्टोफॅनशी असलेले त्याचे गुणोत्तर खरोखरच बदलते. अडचण शेवटच्या पायरीवर आहे, कारण धावणारा माणूस त्यामुळे अधिक काळ किंवा अधिक वेगाने धावतो हे काही नीट सिद्ध होत नाही.

ज्या प्रयोगाचा हवाला पावडरींच्या जाहिरातींत आजही दिला जातो, तो स्वीडनच्या एवा ब्लोमस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. मॅरेथॉन धावणाऱ्या काहींना बीसीएए आणि काहींना निष्प्रभ पेय देण्यात आले. सर्व धावपटूंचा एकत्रित विचार केला तेव्हा फरक दिसला नाही. मात्र त्यांची वेगवान आणि संथ अशी विभागणी केल्यावर, ३ तास ५ मिनिटे ते ३ तास ३० मिनिटे या गटात बीसीएए घेणाऱ्यांची कामगिरी थोडी सरस आढळली. आकडे आधी गोळा करून गट मागाहून पाडले की कोठे ना कोठे फरक सापडण्याची शक्यता वाढते, आणि त्या धावपटूंच्या आहारावरही काटेकोर नियंत्रण नव्हते, म्हणून या निष्कर्षावर तेव्हापासून टीका होत आली आहे. ब्लोमस्ट्रँड यांच्या गटाने शर्यतीनंतरच्या बौद्धिक चाचण्यांतही बीसीएएचा काही फायदा नोंदवला होता, हे येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण तुमची न सुचणारी वजाबाकी त्याच प्रकारातली आहे.

पुढे १९९५ मध्ये खेरित व्हान हाल आणि त्यांच्या नेदरलँड्समधील सहकाऱ्यांनी या सिद्धान्ताला थेट आव्हान देणारा प्रयोग केला. दमसासाचा व्यायाम नियमित करणारे दहा पुरुष दमून थांबेपर्यंत सायकल चालवत राहिले. प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी नुसते साखरेचे पेय, ट्रिप्टोफॅन मिसळलेले पेय, आणि कमी व जास्त मात्रेत बीसीएए मिसळलेले पेय घेतले. ट्रिप्टोफॅनच्या पेयाने मेंदूत जाणारे ट्रिप्टोफॅन अंदाजे सात ते वीस पटींनी वाढले, बीसीएएच्या पेयाने ते आठ ते बारा टक्क्यांनी घटले, आणि तरीही थकून थांबण्याची वेळ चारही वेळा सारखीच, म्हणजे सुमारे १२२ मिनिटे राहिली. सिद्धान्त बरोबर असता तर ट्रिप्टोफॅन घेतलेल्या दिवशी त्या मंडळींनी कितीतरी आधी पाय टेकवायला हवे होते. माझ्या दृष्टीने या विषयावरचा हा सर्वांत बोलका प्रयोग आहे. त्यानंतर उष्ण हवामानातील एका प्रयोगात बीसीएएमुळे व्यायामाचा कालावधी वाढल्याचे दिसले, तशाच परिस्थितीतील दुसऱ्या प्रयोगात ते दिसले नाही. श्रमाची जाणीव किंचित कमी झाल्याचे काही छोट्या प्रयोगांनी नोंदवले, पण प्रत्यक्ष वेळ सुधारल्याचे पुरावे विखुरलेले आणि परस्परविरोधी आहेत. शिवाय बीसीएएचे विघटन वाढले की रक्तातील अमोनियाही वाढतो, आणि अमोनिया स्वतःच थकव्याशी जोडला जाणारा पदार्थ आहे, ही बाब डब्यांवर अर्थातच छापली जात नाही.

यावरून थकव्यात मेंदूचा काही भाग नसतो असे मात्र समजू नका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात सायकलपटूंना कर्बोदकाचे पाणी नुसते तोंडात खळखळवून थुंकायला सांगितले होते. घोटभरही पोटात गेले नाही, तरी सुमारे एक तासाच्या कसोटीत त्यांची कामगिरी जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारली. ऊर्जा येत आहे एवढी खूण जिभेवरून मिळाली तरी मेंदू हात सैल सोडतो. ‘आता बस’ हा तुमच्या मनाचा कौल म्हणूनच खोटा नाही. तो कशामुळे येतो, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या बाबतीत त्याचे उत्तर इंधनात शोधायला हवे. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ५८ किलो वजनाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,४५० किलोकॅलरी लागतात. डब्यातील एक मात्रा ७ ग्रॅमची आहे. ती सगळीच्या सगळी जळली तरी २८ किलोकॅलरी मिळतील, ज्यात जेमतेम अर्धा किलोमीटर होईल. दीर्घ व्यायामातील एकूण ऊर्जेत सर्व प्रथिनांचा मिळून वाटा सहसा काही टक्क्यांच्या पुढे जात नाही. खरा भार कर्बोदके आणि चरबीवर असतो. चरबीचा साठा संपत नाही, पण स्नायूंतील व यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कर्बोदक, मात्र मोजकेच असते. प्रौढ माणसात स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आत. रात्रभराच्या उपवासाने यकृतातील साठा बराच घटतो. रक्तातील साखर टिकवण्याचे काम याच साठ्याचे, आणि मेंदूचे मुख्य इंधन तीच साखर. तुम्ही पहाटे उपाशी निघता आणि अडीच-तीन तास फक्त पाण्यावर काढता, तेव्हा पाय जड होणे, चिडचिड होणे आणि वजाबाकी न सुचणे ही तिन्ही लक्षणे एकत्र यावीत यात नवल काहीच नाही.

हे ज्ञान नवेही नाही. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी शर्यत पूर्ण करणाऱ्या काही धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा अनेकांची साखर बरीच खाली गेलेली आढळली, आणि ज्यांची ती सर्वाधिक घसरली होती ते फिकट, गलितगात्र आणि गोंधळलेले होते. पुढच्या वर्षी त्यांपैकी काहींना आदल्या दिवशी कर्बोदकयुक्त आहार आणि धावताना गोड गोळ्या देण्यात आल्या, तेव्हा त्यांची अंतिम रेषेवरची अवस्था स्पष्टपणे चांगली होती. त्यानंतर १९८६ मध्ये एडवर्ड कॉइल यांच्या प्रयोगात निष्प्रभ पेयावर सुमारे तीन तासांत थकणारे सायकलपटू कर्बोदके मिळाल्यावर जवळपास चार तास टिकले. बीसीएएच्या कोणत्याही प्रयोगात इतका मोठा आणि इतक्यांदा पुन्हा दिसलेला फरक मला आढळलेला नाही. मौजेची गोष्ट अशी की धावताना कर्बोदके घेतली की रक्तातील मेदाम्ले कमी वाढतात, त्यामुळे ट्रिप्टोफॅनही कमी सुटे होते. म्हणजे न्यूशोम यांचा सिद्धान्त खरा धरला तरी त्यावरचा उपाय म्हणून साखर पावडरीला हार जात नाही.

आता पुढच्या लांब धावेपुरते सांगायचे तर असे करून पाहा. निघण्याच्या दोन-तीन तास आधी सहज पचणारे, कमी तंतूंचे आणि कमी तेलकट असे कर्बोदकांचे खाणे घ्या. इतक्या पहाटे उठणे शक्य नसेल, तर आदल्या रात्रीचे जेवण भरपेट ठेवून निघण्यापूर्वी निदान एखादे केळे आणि गोड पेय घ्या. धाव सुरू झाल्यावर तिसाव्या ते चाळिसाव्या मिनिटापासून, म्हणजे भूक किंवा थकवा जाणवण्याच्या बरेच आधी, तासाला ३० ग्रॅम कर्बोदकांनी सुरुवात करा. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ मिसळले की तासाची सोय होते. धावपटूंसाठीचे कर्बोदकांचे जेल वापरणार असाल तर एका पाकिटात बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, आणि ते पाण्याच्या घोटांबरोबर घ्यावे लागते. पोटाला सवय होईल तसे काही आठवड्यांत हे प्रमाण ५० ते ६० ग्रॅमपर्यंत वाढवा. त्याहून अधिक, म्हणजे ९० ग्रॅमपर्यंत, ग्लुकोज व फ्रुक्टोजच्या मिश्रणातून जाता येते, पण पहिल्या मॅरेथॉनला त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. पाणी मात्र तहान आणि हवामान पाहूनच प्या; जबरदस्तीने भरमसाट पाणी पिऊन रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला उतरल्याची उदाहरणे मॅरेथॉनमध्ये वारंवार घडली आहेत. आणि तुमच्या नोंदीत पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या गतीपेक्षा बरेच वेगाने झालेले दिसतात, त्यांना लगाम घाला. वेग वाढला की ग्लायकोजेनचा खर्च वाढतो, आणि सुरुवातीची ती उधळपट्टी शेवटी भोवते.

धावेनंतरच्या स्नायूदुखीसाठी बीसीएए उपयोगी आहे का, हाही तुमचा एक उपप्रश्न होता. काही छोट्या अभ्यासांत दुखणे थोडे कमी झाल्याचे आढळले आहे, त्यामुळे येथे मी सरसकट नाही म्हणणार नाही. पण स्नायूंची बांधणी करायला नऊही आवश्यक अमिनो आम्ले लागतात, तिघांवर काम भागत नाही. दमसासाचे खेळ खेळणाऱ्यांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात, म्हणजे तुम्हाला ७० ते ९० ग्रॅम. दूध, अंडी, डाळी, मासे, मांस अशा रोजच्या प्रथिनांत बीसीएएचा वाटा साधारण सहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतका असतो, तेव्हा एवढ्या आहारातून ११ ग्रॅमहून अधिक बीसीएए पावडरीशिवायच मिळते.

डब्यात ग्लुटामीन, टॉरीन, सिट्रुलीन आणि बीटा-अलानीन हेही असल्याचे तुम्ही कळवले आहे. यांपैकी बीटा-अलानीनचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे, पण तो मुख्यतः एक ते चार मिनिटांच्या जोरकस श्रमांसाठी, आणि तोही आठवडेच्या आठवडे रोज घेतल्यावर. चेहऱ्याला व हातांना मुंग्या येतात त्या त्याच्यामुळेच. बाकीच्यांविषयीचे पुरावे कमकुवत किंवा संमिश्र आहेत. ‘विशेष मिश्रण’ असे लिहून प्रत्येक घटकाची मात्रा गुलदस्त्यात ठेवणारा डबा तर मी हातीच धरणार नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये बीसीएएसंबंधीचे स्नायूंचा थकवा लवकर भरून निघण्यासारखे दावे कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असे सांगून नाकारले, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरीसाठी चांगला आधार असलेल्या पूरकांच्या यादीत कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानीन आणि सोडियम बायकार्बोनेट यांना जागा मिळाली, बीसीएएला नाही. पूरकांच्या शुद्धतेचा प्रश्नही वेगळाच आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत १३ देशांतील ६३४ पूरकांपैकी सुमारे १५ टक्क्यांत लेबलवर न दिलेली, हार्मोनशी संबंधित द्रव्ये सापडली होती. उत्तेजक चाचणीच्या कक्षेत येणाऱ्या खेळाडूला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणून सुटता येत नाही. तुम्ही त्या कक्षेत नसाल, पण शरीर तेच आहे.

तुमच्या पत्रातील एका ओझरत्या वाक्याला मी पावडरीपेक्षा जास्त महत्त्व देईन. गेले काही महिने पाळी अनियमित झाली आहे आणि दिवसभरही थकवा राहतो, असे तुम्ही लिहिले आहे. या वयात त्याची इतर कारणे असू शकतात, पण प्रशिक्षण वाढले आणि त्या मानाने खाणे वाढले नाही तर शरीर प्रजनन, हाडे आणि प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च आवरते घेते, आणि खेळवैद्यकात ही अवस्था आज गांभीर्याने घेतली जाते. यात लोहाची कमतरता मिसळली, तर हिमोग्लोबिन ठीक असूनही दम लवकर लागू शकतो. म्हणून डॉक्टरांना भेटा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटीन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), थायरॉइड, बी-१२ व ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांविषयी विचारा. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय स्वतःहून सुरू करू नका. धावताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा नंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर वेळ न दवडता वैद्यकीय मदत घ्या.

हे सारे केल्यावरही बीसीएए करून पाहण्याची इच्छा उरली, तर ती चूक नाही. निरोगी प्रौढाला नेहमीच्या मात्रेत त्याने सहसा अपाय होत नाही. मात्र कर्बोदकांचे पेय सुरू ठेवूनच ते त्यात मिसळा, आणि बाटली तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला भरू द्या, म्हणजे कोणत्या धावेत ते होते आणि कोणत्या धावेत नव्हते हे तुम्हाला नंतरच कळेल. बीसीएए कडवट लागते, त्यामुळे दोन्ही बाटल्यांत तीव्र आंबट चव घातल्याशिवाय जीभ चुगली करील. शर्यतीच्या दिवशी मात्र पहिल्यांदाच काहीही घेऊ नका.

राहता राहिला ताज्या कलमाचा प्रश्न, की तुम्ही पावडर घेतली नाही तर ती वडिलांना अशक्तपणासाठी चालेल का. ते पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि म्हणूनच येथे माझे उत्तर स्पष्टपणे नकाराचे आहे. लेव्होडोपालाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाण्यासाठी याच अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे बीसीएएची मात्रा औषधाचा परिणाम बोथट करू शकते आणि थरथर किंवा ताठरपणा वाढू शकतो. त्यांच्या अशक्तपणाबद्दल आणि प्रथिनयुक्त जेवण व गोळी यांच्या वेळांत किती अंतर ठेवावे याबद्दल त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी बोला, आणि तोपर्यंत डबा त्यांच्या हाती पडणार नाही असा ठेवा.